पानिपतातल्या बाया

फोन आला तेव्हा माझ्या मुठीत फासे होते. दुपारी दवाखान्यातून घरी आलो होतो, शालनचं धुतलेलं पातळ आणि कंगवा न्यायला. डॉक्टर म्हणाले होते, उद्या सोडू. शालन म्हणजे माझी बायको. निघताना तिनं हाक मारून सांगितलं, "घरी जाताय तर तुमची खेळी खेळून या. काय पडलं ते आल्यावर मला सांगा. आणि खोटं सांगू नगा." म्हणून मी बाहेरच्या खोलीतल्या टेबलापाशी उभा राहिलो, फासे खुळखुळवले... आणि फोन वाजला. मुलगी होती, मनीषा. ती नुसती "बाबा, बाबा" करत राहिली. मला कळलं. फासे सदऱ्याच्या खिशात टाकले आणि पळालो. शालनला जाळून आलो तेव्हाही ते खिशातच होते. अंघोळीला सदरा काढला तर मोरीत टणटण करत पडले. मी डोळे गच्च मिटून घेतले. मनीषाला ओरडून म्हटलं, उचल ते, आणि किती पडले मला सांगू नको. पोरीला वाटलं, बापाचं डोकं फिरलं.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. भोसरीत एका वर्कशॉपात पत्रा कापायच्या प्रेसवर उभा जन्म काढला. लोक मला भित्रा म्हणायचे, आणि मी आहेच. पण माझी दहाही बोटं शाबूत आहेत, ती त्या भीतीमुळंच. मशीन बंद असली तरी मी हात घालताना एकदा वर बघायचो. माझ्याबरोबरच्या धाडसी गड्यांना आता सदऱ्याची बटणं बायको लावून देते. शालन याच्या उलट. सांगोल्याकडून लग्न होऊन आली तेव्हा या भागात धड रस्ता नव्हता, तरी एकटी कुठंही जायची. दिवाळीआधी किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे एक मूर्तिवाला टोपल्या भरून आणून द्यायचा आणि ही त्यांना डोळे, मिशा, पागोटी रंगवायची. कितीतरी वर्षं. घरात पाय ठेवायला जागा नसायची. मी जेवायला बसलो की ताटाभोवती फौज उभी. "पाय आवरा, सुकतायत ते," म्हणायची. माझ्या पायाला लागून एखादा मोडला की तो आमच्या शोकेसमध्ये जायचा. शोकेसमध्ये सगळे लंगडे मावळे.

मग तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी तोच शब्द वापरला, थकलं. जिना चढायचा नाही, गॅसपुढं उभं राहायचं नाही, मिठाला हात लावायचा नाही. ती खुर्चीत बसली आणि माझी भीती घरभर हिंडायला लागली. तिची डुलकी लागली तरी मी जवळ जाऊन बघायचो, पदर हलतोय का. एकदा डोळे न उघडताच म्हणाली, "हाय अजून. चहा ठेवा."

आमच्या वरच्या खोलीत अश्विनी भाड्यानं राहते. चाकणला गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर आहे, चाळिशीला आलेली, एकटी. सुट्टीच्या दिवशी मित्रमैत्रिणी जमवून ती टेबलावर लढाया खेळते. बोटाच्या पेरापेक्षा लहान शिपाई, घोडे, तोफा. फासे टाकायचे, टेपनं मोजून फौज पुढं सरकवायची. भाडं द्यायला आली तेव्हा शोकेसमधले लंगडे मावळे बघून उभीच राहिली. "काकू, एवढा हात असताना नुसत्या बसता कशाला?" म्हणाली, आणि संध्याकाळी डबाभर रंग घेऊन खाली आली. मात्र एक अट घातली. आधी काळ निवडायचा. इतिहासातला एकच काळ, जो रंगवताना कंटाळा येणार नाही. सुरुवात थोडक्या माणसांवर करायची, आणि फौजा दोन्ही बाजूंच्या आपणच बनवायच्या, कारण समोरची बाजू दुसरा कोणी आणेल याचा भरवसा नसतो.

दोन्ही बाजू म्हटल्यावर पहिली पंचाईत झाली. महाराजांचा काळ तर न सांगताच ठरलेला. पण मग समोर मोगल म्हणून बसायचं कुणी? शालन म्हणाली, "तुमी." मी म्हणालो, "मी? आणि फाशानं उलटं दान दिलं तर? माझ्या हातून आपले हरले तर?" अश्विनी म्हणाली, "काका, खेळ आहे." तिला काय होतंय! गल्लीत कळलं की म्हातारा महाराजांच्या मावळ्यांना टेबलावर हरवतोय, तर उद्या दारात गर्दी. मी साफ नाही म्हटलं. मग महाभारत निघालं. ते मीच उडवलं, ते घरात ठेवत नाहीत, भांडणं लागतात. अश्विनी म्हणाली, तसाही तो इतिहास नव्हे. इंग्रजांच्या मोठ्या लढाया निघाल्या, तर शालनला त्यांचे कपडे आवडले नाहीत. "सगळे बँडवाले दिसतात," म्हणाली. असे कितीतरी दिवस गेले. मला बरं वाटत होतं. काळ ठरत नाही तोवर खेळ नाही, खेळ नाही तोवर हरणं नाही... माझं डोकं असंच चालतं.

एके दिवशी अश्विनीनं पानिपताची गोष्ट सांगितली. आम्हाला पानिपत म्हणजे वाटोळं, एवढंच माहीत. कंपनीला टाळं लागलं की म्हणायचं, पानिपत झालं. पण तिनं सांगितलं की त्या फौजेबरोबर हजारो बाया होत्या, यात्रेला निघालेली माणसं होती, म्हातारेकोतारे होते. खाणं संपलं, वेढा पडला, आणि ऐन संक्रांतीला लढाई झाली. शालन ताठ बसली. "बाया हुत्या? मग ह्योच काळ." मी चहाची बशी खाली ठेवली. "अगं, आजारी माणसाच्या घरात पानिपत मांडतात का?"

"का न्हाई? बाकी सगळ्या लढायांत नुसतं मिशावाले. आन् हितं हरायचं तर ठरलेलंच हाय. मग तुमी कशाला भ्यायचं?"

"मग खेळायचं काय?"

"बाया घरला पोचवायच्या. तेवढंच."

बाजारात घोडेस्वार मिळाले, तोफा मिळाल्या, बाया मिळाल्या नाहीत. शालननं त्या उदबत्तीच्या काडीवर नळाची गळती बुजवायची पुट्टी लावून केल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, कुणाच्या काखेत पोर, कुणाच्या डोक्यावर गाठोडं. टेबलावर हिरवी चादर टाकली, दक्षिणेची कड स्वयंपाकघराच्या दाराकडं ठेवली. मी म्हणालो, "शेवटी बायांना स्वयंपाकघरातच घालवलंस." ती म्हणाली, "तिकडं घर हाय म्हणून." अफगाणांच्या बाजूला मी. नियम अश्विनीनं सोपे करून दिले. बायांना एक फासा, माझ्या घोड्यांना दोन. घोडं बाईपर्यंत पोचलं की बाई गेली. वाऱ्यानं पुट्टीच्या बाया आडव्या व्हायच्या, म्हणून खेळ मांडलेला असला की पंखा बंद.

आता खरं सांगतो. गाठोडंवालीला शालननं हिरवं पातळ नेसवलं होतं, आणि तसलंच पातळ ती दवाखान्यात तपासायला जाताना नेसायची. तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं, उरलेला रंग होता. पण मी ते पाहिलं आणि माझ्या मनानं घेतलं. ही बाई कडेला पोचली तर शालन वाचली. तेव्हापासून फासा उचलला की तळहाताला घाम. माझे घोडे भलतीकडंच जायला लागले, टेकडीला वळसा घालून, तोफांच्या मागं. दोन-तीन खेळ्यांनी तिनं मला टोकलं.

"घोडी तिकडं कशाला नेली? चरायला?"

"डावपेच आहे."

"डावपेच म्हणं! इकडं बघा माझ्याकडं." मी बघितलं. "मी त्या बायांत न्हाई. मी हितं बसलेय, तुमच्यासमोर. नीट खेळा. तुमी सोडून दिलेलं मला नगंय." मी घोडे वळवले. त्या गडबडीत एक स्वार पडला. तिनंच तो उभा केला आणि माझ्याकडं सरकवला. त्यानंतर मी नीट खेळलो. बऱ्याच बाया गेल्या, काही कडेला पोचल्या. पोचली की शालन तिला उचलून मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवायची. शालनला धाप लागली आणि आम्ही रिक्षा बोलावली, तेव्हा टेबलावर हिरव्या पातळाची गाठोडंवाली उरली होती, कडेपासून वीतभर अंतरावर. मागं माझे घोडे. खेळी माझी.

तेराव्याला माणसं जेवायला बसवायची होती, टेबल उचला म्हणाले. मी आडवा उभा राहिलो. माझी थोरली बहीण पदराआडून म्हणालीच, "घरात पानिपत मांडलं, दुसरं काय व्हणार हुतं?" मी तेच म्हणत होतो ना पहिल्यापासून? पाहुणे गेल्यावर अश्विनीला विचारलं, खरं असेल का? ती म्हणाली, "काका, काकू हृदयाच्या आजारानं गेल्या. या खेळानं त्या एवढे महिने रोज उठून खुर्चीत बसल्या, ते मी बघितलंय."

तरीही मला भीती वाटते. टेबलाजवळून जाताना सदऱ्याची बाही आवरून धरतो. केरसुणी तिकडं नेत नाही, धूळ शालनच्या बारक्या ब्रशनं झाडतो. ऊन वाढलंय, बाहेरच्या खोलीच्या पत्र्याखाली अंगाचं पाणी होतंय, पण पंखा लावलेला नाही. मनीषा म्हणते, बाबा, उचलून डब्यात ठेवा. उचलले की खेळ मोडला... आणि टाकला फासा, तर माझेच घोडे त्या गाठोडंवालीवर जायचे. आता समोर बसून "मी त्यात न्हाई" म्हणायला कुणी नाही. याच्याएवढं भ्यायलेलं मला प्रेसनंही कधी पाहिलं नव्हतं.

पण शालननं सांगितलं होतं, खेळून या. खोटं सांगू नगा. फासे इथंच ठेवलेत, लिहिताना कागदावर वजन म्हणून. हे लिहून झालं की टाकणार आहे. नीट टाकणार, घोडे जितके जातात तितके नेणार. मग पंखा लावीन. काय पडलं ते मात्र इथं लिहिणार नाही. ते आधी तिला सांगायचं आहे.