भाऊजींच्या मागची लाल खुर्ची

भाऊजी गेल्याची बातमी मला तक्रारीच्या रूपात मिळाली. सकाळी मी लसूण सोलत बसले होते आणि तांड्यावरच्या नाईकांचा फोन आला. "वैनी, तक्रार हाये. आज दिगूभाऊ बोलला न्हाई. काहून बोलला न्हाई? हळद घेऊन निघायचंय मोंढ्यात, भाव कोन सांगंल?" नाईक म्हणजे आमच्या दिरांच्या मोबाइलवरच्या चॅनेलचे सगळ्यात जुने प्रेक्षक आणि सगळ्यात तिखट तक्रारदार. "थांबा, विचारते त्यांना," म्हटलं आणि तणतणत अंगण ओलांडून पलीकडच्या घरात गेले. तोंडात वाक्य तयार होतं, 'काय भाऊजी, सरकारनं तोंड बंद केलं का शांतानं?' ...ते वाक्य तोंडातच राहिलं. शांता, माझी जाऊ, त्यांच्या उशाशी बसून त्यांना हलवत होती. झोपेतच गेले होते. आयुष्यभर एवढी बडबड केलेला माणूस एक शब्द न बोलता जातो म्हणजे काय? मला रडू यायच्या आधी राग आला. खरं सांगते, अजून पुरता गेलेला नाही.

दिगंबर माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन बाळापूरजवळच्या या गावात आले, तेव्हा ते नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं होते आणि तेव्हाही गप्प बसत नव्हते. पुढं गावात पहिली केबल त्यांनीच आणली. घराघरांच्या माळवदांवरून काळी वायर ओढत फिरायचे आणि माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांवर हमखास पाय द्यायचे. आमचं भांडण तेव्हापासूनचं. केबल चालवायला नोंदणी लागते असं कळलं, तसे इस्त्रीचा शर्ट घालून पोस्टात गेले, नोंदणी करून आले आणि तो कागद फ्रेम करून थेट देव्हाऱ्याशेजारी टांगला. आमचे हे चिडले. "अरे, देवाशेजारी पोस्टाचा कागद?" तर म्हणतात, "दादा, मी हाये हे आता सरकारला बी माहीत हाये." कायद्याचं त्यांना कधी भय वाटलंच नाही. उलट सरकारनं आपल्यासाठी एखादा नियम केला की त्यांना आपला सत्कार झाल्यासारखं वाटायचं.

मग घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या आणि केबल बसली. उरलं ते वायरीचं मोठं लाकडी रीळ. भाऊजींनी ते ओसरीवर आडवं टाकलं, त्यावर बसकण घातलं, समोर मोबाइल उभा केला आणि रोज सकाळी बोलायला लागले. हळदीचा भाव, सोयाबीनचा भाव, कुठल्या रस्त्याला खड्डा पडला, कुणाची म्हैस चुकली, कुठल्या डीपीवरची लाइट गेली. शिरड शहापूरपासून वारंगा फाट्यापर्यंतचे लोक चहाचा कप हातात घेऊन ऐकायचे. आणि एक दिवस त्यांना कुठूनसं कळलं की इंटरनेटवर बातम्या देणाऱ्यानं एक तक्रार निवारण अधिकारी नेमायला पाहिजे, असा नियम आला आहे. हे म्हणाले, "अरे, तो मोठ्या लोकांसाठी असंल. तुला कोन विचारून राहिलं?" पण भाऊजींचा चेहरा पोस्टातून आल्यावर उजळला होता तसाच उजळला. "नियम म्हंजे नियम, दादा. अधिकारी पाहिजेच. आन् माझ्याविरुद्ध तक्रार करायचा अनुभव वैनीएवढा कोनाला हाये?"

असं माझं अधिकारीपद सुरू झालं. मी अंगणवाडीतून नुकतीच निवृत्त झाले होते, म्हटलं बघू. त्यांनी बाजारातून एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि आपल्या मागं, बरोबर कॅमेऱ्यात दिसेल अशी ठेवली. मी म्हटलं, "अहो, अधिकारी ऑफिसात असतो, मागं बसून लसूण सोलत नसतो." तर म्हणाले, "आपला अधिकारी लोकाला दिसला पाहिजे. सोला तुमी लसूण, बिनधास्त." रोज सुरुवातीला ठरलेलं वाक्य, "मागं वैनी बसल्यात. माझं चुकलं तर त्यायला सांगा." आणि गंमत अशी की माझ्यापर्यंत तक्रार यायची गरजच उरेना. भाऊजी वाढवून बोलले की माझ्या तोंडून आपोआप 'च्च' निघायचं. "काल असा पाऊस झाला की फाट्यावर ट्रक पोहत होते..." च्च. "म्हंजे चाकं बुडली होती." च्च. "अर्धी चाकं, वैनी, अर्धी!" लोक भाऊजींचं ऐकायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे. मी गप्प सोलत राहिले की बातमी पक्की. लेकीकडं चार दिवस गेले तरी लोकांचे फोन, "वैनी न्हाईत, आज खरं कोन पकडंल?" बाळापूरच्या बाजारात भाजीवाली मला हळूच विचारायची, "त्यो रस्त्याचं बोलला ते बराबर हाये ना?" सासरी इतकी वर्षं काढून जो मान मिळाला नाही, तो त्या लाल खुर्चीनं दिला.

मग ते टाकीचं प्रकरण झालं. गावाला पाण्याची नवी टाकी बांधली होती आणि ती गळायला लागली. मी लेकीकडं असतानाच भाऊजींनी लाइव्ह केलं. मागची खुर्ची रिकामी, मग काय विचारता! टाकी चारी अंगांनी गळते, ठेकेदारानं सिमेंट खाल्लं, असं सगळं बोलून मोकळे. आठवड्याच्या आत एका कार्यालयाची नोटीस आली. चॅनेल कोणत्या नियमाखाली चालवता, तक्रार निवारण अधिकारी कोण, सदर व्हिडिओ खोटा आणि बदनामीकारक असल्याची तक्रार आहे, त्यावर अधिकाऱ्याचा निर्णय कळवा. शांता तर नोटीस बघूनच रडायला लागली, पोलीस येतील म्हणून. भाऊजी मात्र हसत मला म्हणाले, "बघा, अधिकारी कोन म्हणून विचारून राहिले! नेमला ते बरं केलं का न्हाई?" पण ते हसणं वरवरचं होतं. जरा वेळानं रिळावर बसले आणि म्हणाले, "वैनी, तुमच्या मनानं निकाल द्या. तुमी खोटं म्हणालात तर आजच मोबाइल बंद करतो. पुन्हा बोलत न्हाई." मी त्या माणसाला ओळखत होते. बोलणं बंद केलं असतं तर तो वर्षभर टिकला नसता. आणि हे असं माझ्या गळ्यात.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मेहुणा पेढे घेऊन हजर. "वैनी, तुमी तर रोजच च्च करता. आता एक मोठं च्च कागदावर लिहून द्या, विषय मिटला." आमचे हेही त्याच सुरात, "लिहून टाक चुकलं म्हणून. कशाला उगं तकलीफ?" मी म्हटलं, "पेढे घेऊन जा. आणि अहो, तुम्ही गाडी काढा, मला टाकी बघायची आहे." हे बिचारे कुरकुरत घेऊन गेले. टाकीला मी चहूकडून फेरी मारली. तांड्याकडच्या अंगाला ओल होती, शेवाळ धरलं होतं, खाली डबकं साचून शेळ्या पाणी पीत होत्या. बाकीच्या बाजू कोरड्या ठणठणीत. घरी येऊन भाऊजींना समोर बसवलं. "चारी अंगांनी गळते म्हणालात, खोटं. एकाच अंगानं गळते. सिमेंट खाल्लं म्हणालात. तुम्ही बघितलं का खाताना?" "न्हाई." "मग तेही मागं घ्या. टाकी गळते हे मात्र खरं. ते पुन्हा सांगा." तसंच मी कारणांसकट लिहून पाठवलं. भाऊजींनी सकाळी हात जोडून माफी मागितली. "चारी अंगांनी गळते म्हणालो, चूक. फकस्त तांड्याच्या अंगानं गळते, हे बघा शेवाळ, ह्या बघा शेळ्या. ठेकेदारानं सिमेंट खाल्लेलं मी पाह्यलं न्हाई, मग टाकी कशानं गळते ते त्यायनंच सांगावं." मी मागं लसूण सोलत होते. एकदाही च्च केलं नाही. पहिला व्हिडिओ बघितला नव्हता अशा लोकांनीसुद्धा ती माफी बघितली. ठेकेदाराचा मेहुणा पुढं कित्येक दिवस मला बघून रस्ता बदलायचा.

आणि एवढं होऊन एका सकाळी दोन्ही व्हिडिओ गायब! माफीसुद्धा. तिथं नुसती एक करडी चौकट, हा व्हिडिओ उपलब्ध नाही. कुणी काढला, कुणाच्या सांगण्यावरून, काही नाही. भाऊजींनी जिथं जिथं विचारता येईल तिथं विचारलं. कुठूनच उत्तर आलं नाही. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा गप्प बसलेलं बघितलं. रिळावर बसले, मोबाइल मांडीवर पालथा. मीच चहा घेऊन गेले. म्हणाले, "वैनी, तुमी माझं खोटं धरलं तवा तोंडावर सांगितलं. काहून खोटं ते बी सांगितलं. मला वळून तुमच्याशी भांडता तरी आलं. ह्याच्याशी कुटं वळून भांडू? मागं कोनीच बसलेलं न्हाई..." नियमाला देवाशेजारी टांगणारा माणूस तो. त्याला नियमाचं वाईट वाटलं नव्हतं. कारण सांगण्याच्याही लायकीचं आपल्याला समजलं नाही, याचं वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं, आणि फार वाटलं. मी नुसतं म्हटलं, "चहा प्या. गार होईल."

पण हे तोंड किती दिवस गप्प बसणार? व्हिडिओ दिसेना म्हटल्यावर लोक ओसरीवरच यायला लागले. ज्यांना टाकी कुठं आहे हे माहीत नव्हतं तेसुद्धा, "काय होतं वं त्याच्यात?" म्हणून. भाऊजी रिळावर बसून सगळं पहिल्यापासून सांगायचे, शेळ्यांच्या आवाजासकट, आणि मी मागून च्च. शांताची साखर महिन्याच्या निम्म्यातच संपली. "त्यो व्हिडिओ सुरू करा म्हणावं लवकर, माझं घर धुऊन निघून राहिलं!" असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची. काही दिवसांनी दोन्ही व्हिडिओ जसे गेले तसेच परत दिसायला लागले, तेही कारण न सांगता. टाकीचं ते अंगही कुणीतरी गुपचूप लिंपून गेलं. पुढं मोबाइलवर बोलणाऱ्या प्रत्येकाला लागू होईल असा नवा कायदा येणार, अशी चर्चा सुरू झाली. ओसरीवर सगळे घाबरलेले. भाऊजी म्हणाले, "येऊ द्या कायदा. फकस्त एक म्हणतो, त्याला बी मागं एक वैनी पाहिजे. त्यो चुकला तर च्च करनारी."

ते गेल्यावर महिनाभर ओसरीवर कुणी फिरकलं नाही. रीळ आणि खुर्ची तशीच. नाईक मात्र भेटायला आले तेव्हा टोपी हातात घेऊन म्हणाले, "वैनी, माझ्या तक्रारीचं उत्तर आलं न्हाई." आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे की. तक्रारीला उत्तर द्यायचं, कारण सांगायचं, हे तर भाऊजींनीच मला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून रिळावर बसले. मोबाइल उभा केला, तो दोनदा पडला. बघणारे यायला लागले. मी म्हटलं, "तांड्यावरच्या नाईकांची तक्रार होती की दिगूभाऊ त्या दिवशी बोलले नाहीत. तक्रार खरी आहे. कारण, ते रात्रीच गेले होते. चूक दुरुस्त करता येण्यासारखी नाही, त्याबद्दल आम्ही घरचे सगळे..." पाठीमागं चप्पल वाजली. मोबाइलमध्ये बघते तर शांता. महिनाभर खोलीबाहेर न आलेली माझी जाऊ सुपात तूर घेऊन येऊन लाल खुर्चीत बसली आणि खाली मान घालून निवडायला लागली. मला धीर आला. डोळे पुसले आणि म्हटलं, "आमच्या भाऊजींसारखा माणूस होणे नाही. ते आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत."

मागून आवाज आला, "च्च."

मी वळून बघितलं. शांता तूरच निवडत होती. मी पुन्हा मोबाइलकडं तोंड केलं. "दुरुस्ती आहे. बोलायचे. भरपूर बोलायचे. पण कुणी च्च केलं की तिथल्या तिथं मागं घ्यायचे."

मी थांबून वाट बघितली. मागून सुपाचा आवाज तेवढा येत होता. मग मी हळदीचा भाव सांगितला.