यादीत नसलेलं नाव

स्टेजवर जाताना त्याने आपला कोट माझ्या हातात दिला. "जरा धर ना." मी धरला. तो ट्रॉफी घेत होता आणि मी त्याचा कोट सांभाळत टाळ्या कशा वाजवायच्या हे बघत होतो.

लीड्समधल्या एका युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये आम्ही दोघे. अनिश कॅप्टन, लंडनच्या पिनर भागातल्या डॉक्टरांचा मुलगा. तो बॉल घेऊन पळतो. मी लाइनमध्ये. समोरचा धिप्पाड गडी अंगावर घ्यायचा, अनिशसाठी वाट मोकळी करायची. दोन बोटं मोडली त्यात. तक्रार नव्हती.

सीझन संपला की ऑल-कॉन्फरन्सची, म्हणजे लीगमधल्या सगळ्या टीम्समधून सर्वोत्तम खेळाडूंची निवड होते. प्रत्येक टीम आपली नावं पाठवते, दुसऱ्या टीम्सचे कोच मतं देतात. त्या दुपारी समारंभात नावं वाचली, माझं आलं नाही. वाटलं, आपणच कमी पडलो. आई नर्स. वॉर्डातून दोनदा मेसेज, झालं का रे? काय सांगणार होतो तिला?

तेवढ्यात दुसऱ्या टीमचा म्हातारा इंग्रज कोच जवळ आला. म्हणाला, "तुला मत द्यायचं म्हणून शोधलं. यादीत तुझं नावच नव्हतं."

आमच्या टीमची यादी अनिशने भरली होती. तो खाली आला तसं मी विचारलं.

"हो, फॉर्म मी भरला," तो हसत म्हणाला. "सीरियसली नको घेऊ यार. डॅड म्हणतात, तुमच्या लोकांना इंडियात सीट्स अशाच मिळतात. इथे मेरिट लागतं."

पहिल्या वर्षी त्याच्या डॅडनी मला आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग आईचं माहेरचं आडनाव. मग ते माझ्याशी बोललेच नाहीत. मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "दुर्लक्ष कर बाळा." तिने नर्सिंग कॉलेजात तेच केलं होतं. मीही केलं. त्याला समजूतदारपणा म्हणत होतो. ती भीती होती, आणि त्या भीतीची मला आज लाज वाटते.

"चल, फोटोत ये," अनिश म्हणाला. "तुझ्यामुळेच तर पळतो मी."

म्हणजे त्याला माहीत होतं. माझी लायकी त्याला पक्की माहीत होती, आणि तरी त्याने माझं नाव गाळलं. अंगाची आग झाली.

"तुझा कोट तू धर," मी म्हणालो आणि कोट त्याच्या हातात दिला. फोटोत गेलो नाही. सरळ आमच्या कोचच्या टेबलाशी गेलो. तिथे अनिशचे डॅडही बसले होते. माझं नाव का नव्हतं, ते अनिशच्याच शब्दांत सगळ्यांना ऐकवलं.

कोच म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

मग बाहेर येऊन आईला फोन केला. "नाव नाही आलं. आणि आई, आता मी दुर्लक्ष करणार नाही." या वेळी ती 'दुर्लक्ष कर' म्हणाली नाही. नको असंही म्हणाली नाही.

कोचला मी लेखी कळवलं आहे. यादी यापुढे सगळ्या टीमसमोर भरायची. नाहीतर मी लाइनमध्ये उभा राहणार नाही. अनिशने आपली वाट आपण काढावी.