आठवण आली तर?

शाळेच्या पटांगणात उन्हाळी शिबिरांची टेबलं मांडली होती. एक आई मुलीला पुढे करून स्वतः मागे उभी होती. मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होती. प्रत्येक टेबलापाशी ती एकच विचारायची, "रात्री आईची आठवण आली तर?"

"छे गं, इतकी मजा असते, आठवण येतच नाही!" बहुतेकांनी सांगितलं. ती पुढे सरकायची.

शेवटच्या टेबलावरची ताई म्हणाली, "येणार. रडूही येईल. मग माझ्याशेजारी अंथरूण घालायचं."

"आई, हेच!"

बाकीचे पालक घोडेस्वारी आणि जेवणाची चौकशी करत होते. खरं बोलणारं माणूस शोधायचं मात्र या मुलीलाच सुचलं होतं.

आईने मान डोलावली, पण ती हलली नाही. तिने हळूच विचारलं, "आणि ताई, मला आली तर?"