दुसरा रकाना

हे मी घरात कुणापाशी बोललेलो नाही. मित्रांपाशी तर नाहीच, त्यांच्यात मी छाती काढून फिरतो. आज तुम्हाला सांगतोय, आणि सांगतानाही माझा मलाच संताप येतोय. आवाज चढला तर समजून घ्या — नाही, नकाच समजून घेऊ.

कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला इंटर्नशिप सक्तीची होती. तिचे क्रेडिट नसले तर वर्ष गेलं. पण बीड जिल्ह्यात कोणती कंपनी बसलीय पोरं घ्यायला? ऐपतवाल्यांनी पुण्याहून दाखले विकत आणले. माझे काका माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचे संचालक, म्हणून माझी सोय झाली. वर्गातली छाया माझ्यासोबत आली. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे, ही वसतिगृहात राहून शिकायची. तिला काकांकडे मीच नेलं, उपकार केल्यासारखा.

दुष्काळाचं साल. धरणाचा तळ उघडा पडलेला. उसाअभावी त्या हंगामात गाळपच झालं नव्हतं, अन् कामगार सावलीत बसून तंबाखू मळत होते. आम्हाला काम दिलं ते असं — पुढच्या हंगामासाठी तोडणीच्या टोळ्यांची नोंद कॉम्प्युटरवर आणायची.

खरं सांगू? प्रोग्राम छायाने लिहिला. मी काय केलं? चहा मागवला, स्क्रीनचे रंग निवडले. मला अडलं की ती न हसता समजावून सांगायची, आणि त्याचाही मला राग यायचा. हिने मला शिकवावं?

आमच्याकडे ऊसतोडीला नवराबायकोची जोडी लागते. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते. या जोडीला म्हणतात एक कोयता. आणि कोयत्याला नाव एकच, नवऱ्याचं. छायाने मात्र प्रत्येक कोयत्यापुढे नावासाठी दोन रकाने ठेवले. काका ते बघून भडकले.

"एक कोयता, एक नाव. ही दुसरी भानगड कावून?"

"दोघं राबतेत, साहेब," छाया म्हणाली. "माझी माय बी तिथंच असती. तिचं नाव कुठंच न्हाई."

काका तिच्याशी बोललेच नाहीत. मला म्हणाले, "काढ रे ते." मी तिच्यादेखत दुसरा रकाना काढून टाकला. त्या प्रोग्राममधलं माझ्या हातचं काम म्हणाल तर एवढंच.

दाखल्याच्या दिवशी छाया आली नव्हती. इंटर्नशिपभर ती घरीच राहायची, त्या दिवशी वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा होता. "प्रोग्राम एकच केला ना? मग दाखला एकच," म्हणत काकांनी माझ्या नावाचा दाखला सहीशिक्क्यासह हातात ठेवला. मी घडी घालून खिशात घातला. तेव्हाही बोलता आलं असतं की नाही?

पण खरी गोष्ट ती नाहीच. खरी गोष्ट कॉलेजात घडली. छाया सरांपुढे रडकुंडीला आलेली. सरांनी मला बोलावून विचारलं, "ही पण होती का रे तिथं?" नुसतं 'होती' म्हटलं असतं तरी भागलं असतं. सर भले माणूस होते, त्यांनी चालवून घेतलं असतं. मी म्हणालो, "सर, ती अधूनमधून यायची. नुसती बसायची."

"खरं बोल की रे," छाया म्हणाली.

तिचं वर्ष गेलं. वसतिगृहातली जागा गेली. आणि एकटी पोरगी कोयत्यावर चालत नाही, जोडी लागते. दसऱ्याला टोळ्या निघतात, त्याच्या आत तिच्या बापाने तिचं लग्न लावून टाकलं.

आता शिव्या कुणाला घालू? दुष्काळाला? काकांना? क्रेडिटच्या नावाखाली दाखल्यांचा बाजार मांडणाऱ्या कॉलेजला? सगळ्यांना घालून झाल्या. पण खोटं बोललं ते तोंड माझं होतं.

त्याच दाखल्यावर मी कारखान्यात चिकटलो. पुढं पाऊस झाला, ऊस उभा राहिला, धुराडं पेटलं. नोंदीला टोळ्या आल्या. मुकादम एकेक कोयता सांगत होता, मी भरत होतो. एका नावाला त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं, "त्यो बघा, गाडीपाशी." मी बघितलं. त्या गड्याशेजारी, कडेवर लेकरू घेऊन, छाया उभी होती. तिनेही मला बघितलं. ओळख दिली नाही.

रकाना परत घालायला कितीसा वेळ लागतो? कपातला चहा निवायच्या आत होणारं काम. तिच्याकडूनच शिकलो होतो ते.

मी तिच्या नवऱ्याचं नाव भरलं. आणि मुकादमाला म्हणालो, "हं, पुढचा सांगा."