ब्लेडने कापलेली शिवण

निरगुडसरच्या त्या भावांची फिर्याद मी स्वतःच्या हाताने लिहून घेतली होती. कदाचित म्हणूनच ती अजून मनातून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमच्या भागात कबड्डी आणि कुस्तीचं वेड. फुटबॉल आणला तो एका निवृत्त सुभेदारांनी. जुन्नर आणि आंबेगावच्या संघांचे सामने तेच भरवत.

पेठजवळच्या मैदानावर अशाच एका सामन्यात निरगुडसरच्या वीस वर्षांच्या खेळाडूची नडगी मोडली. नुसती मोडली नाही, मांस हाडापर्यंत चिरलं. त्याला पुण्याला हलवलं आणि दोनच तासांत त्याचा थोरला भाऊ ठाण्यात आला. तोही त्याच संघात खेळत होता. त्याने सांगितलं, की समोरच्या संघातल्या मढच्या एका खेळाडूने गुडघ्याला लोखंडी पट्ट्या बांधल्या होत्या, त्यावरचं कापड ब्लेडने कापून धार उघडी ठेवली होती आणि मुद्दाम पाय घातला. मी घातक हत्याराने जबर दुखापत केल्याचं कलम ३२६ लावलं. गुडघ्याचा तो पट्टा रक्ताने आणि चिखलाने माखलेला होता. पंचनाम्यात ‘कापड फाटलेले’ अशी नोंद करून तो सील केला आणि मढच्या तरुणाला अटक केली.

तो मेंढपाळाच्या घरातला, अबोल. दोन दिवस मी त्याला तासन्‌तास उभं ठेवून एकच प्रश्न विचारला. आवाज चढवला, दरडावलं. त्याचं उत्तर बदललं नाही. “मी न्हाई कापलं, साहेब. यायला उशीर झाला व्हता. घाईत बांधला आन् वरून मोजा वढला.” खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला कोडगा समजलो.

तिसऱ्या दिवशी सुभेदार ठाण्यात आले. त्यांनी मला या पट्ट्याची मूळ गोष्ट सांगितली. असे पट्टे आधी दुखावलेल्या गुडघ्याला आधार म्हणून आले. पुढे परदेशातले खेळाडू धडधाकट गुडघ्यालाही ते बांधू लागले, बाजूने धक्का बसला तरी सांधा वाकू नये म्हणून. सुभेदारांनी तसा एक पट्टा लष्करी दवाखान्यात पाहिला होता. या तरुणाचा गुडघा आधीच एकदा निखळला होता, म्हणून त्यांनी जुन्नरच्या एका चामड्याच्या कारागिराकडून त्याला तसाच करून घेतला: दोन लोखंडी पट्ट्या, मध्ये बिजागरी आणि वरून जाड कापड शिवलेलं. लोखंड उघडं दिसलं तर रेफ्री मैदानात पाऊल टाकू देत नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी मला विनंती केली, की शिवण एकदा ती घालणाऱ्या कारागिरालाच दाखवा.

पंचांसमोर सील उघडलं. कारागिराने दोऱ्याच्या टोकांवरून अंगठा फिरवला. “घासून तुटला की दोरा पिंजतो, राव. ह्यो ब्लेडनं कापलाय.”

मी कागदपत्रं काढली. ब्लेड कुणी पाहिलं नव्हतं, माझ्या पंचांनाही कापड फाटलेलंच वाटलं होतं. मग फिर्यादीत पहिल्याच दिवशी ‘ब्लेड’ हा शब्द आला कुठून? तो माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

थोरल्या भावाला बोलावलं. आवाज चढवावा लागला नाही. फिर्यादीतला तो शब्द मी त्याला वाचून दाखवला, तसा तो खाली बसला.

“मीच कापलं, साहेब. सामन्याच्या आदी, त्याची पिशवी खोलीत व्हती तवा. लोखंड दिसलं की रेफ्री त्याला भाईर काढील, एवडंच मनात व्हतं. रेफ्रीनं मोज्यावरूनच हात फिरवला.”

“मग तू त्याच वेळी बोलला का नाहीस?”

“सामना सुरू झाला व्हता. आन् मग समोर माजाच भाऊ पडला.”

धाकट्याला मीच सांगतो, असं तो म्हणाला. पुण्याच्या दवाखान्यात मी दाराशी उभा राहिलो. तो बोलत असताना धाकटा भिंतीकडे बघत होता. मग धाकट्याने मला विचारलं, “साहेब, त्या मढवाल्याला सोडलं का?”

धाकट्याचा पाय वाचला, पण कायमचा आखूड राहिला. थोरल्यावर रीतसर गुन्हा दाखल झाला आणि कोर्टात त्याने तो कबूल केला. दोघे भाऊ एकाच घरात राहत, पण कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते, असं पुढे कानावर आलं.

फिर्यादी रडतोय म्हणजे तो खरंच बोलतोय, असं तोवर मी धरून चालायचो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक फिर्यादीतल्या प्रत्येक शब्दापाशी थांबून मी विचारत राहिलो, की हे याला कसं ठाऊक? त्या सवयीने पुढे चार निरपराध माणसं तरी वाचली असतील.

मढच्या तरुणाला मात्र तिचा उपयोग झाला नाही. सुटकेच्या दिवशी तो सही करून निघाला. पट्टा मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या ताब्यात होता, तो देणं माझ्या हातात नव्हतं. दोन दिवस उभं ठेवलेला तो गुडघा सुजला होता. भिंतीला हात लावत, एकेक पायरी मोजून तो उतरला. त्याची माफी मागावी असं फार वाटलं. अंगावर गणवेश होता, आजूबाजूला शिपाई होते. मी मागितली नाही.