वाघजाईला वाहिलेली मातीची पिशवी

नंदाबाई माझ्या दारात कधी बसल्या नाहीत. बारा वर्षं, दर पंधरा दिवसांनी, आंदर मावळातून इंद्रायणी तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन त्या तळेगावला येत, ते उंबऱ्याशी उतरवत आणि चौकटीला खांदा लावून उभ्या राहत. मी खुर्ची पुढे केली की म्हणत, जीप चुकंल. चहासुद्धा उभ्यानेच. एकदा मी चिडून विचारलं होतं की माझ्या खुर्चीला काय काटे आहेत का. त्या नुसत्या हसल्या होत्या.

मी इतिहासाची शिक्षिका. तीस वर्षं मुलांना ‘डोळे उघडे ठेवून बघा’ म्हणून ओरडले आणि समोरची बाई का बसत नाही, एवढं मला दिसलं नाही. नंदाबाई सव्वीस वर्षं एक दुखणं लपवून जगत होत्या. तिसऱ्या बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी त्या आवणीला, भाताची रोपं लावायला, चिखलात उतरल्या, आणि तेव्हापासून त्यांचं अंग बाहेर येत होतं. म्हणजे गर्भाशय जागा सोडून खाली उतरलं होतं. बसलं की टोचायचं, उठलं की आणखी खाली यायचं. घरात कुणाला पत्ता नव्हता. नवरा, दत्तोबा, गेले तेही काही न विचारता गेले. हे सगळं मला कळलं ते रोमन लोकांमुळे, असं सांगितलं तर कुणी वेड्यात काढेल, पण झालं तसंच.

इथल्या नर्सिंग कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय माझ्या आवडीचा: प्राचीन रोममधलं औषधपाणी. बडे लोक ग्रीक वैद्य पदरी ठेवायचे, बाकीचे घरच्या कोबीवर आणि व्हिनेगरवर भागवायचे. एक नामांकित रोमन गृहस्थ तर पोटदुखीपासून जखमेपर्यंत सगळ्यावर कोबीच द्यायचा, आणि तरी म्हातारा होऊन मेला. पण मला मुलींना दाखवायचं होतं ते वेगळंच. त्या काळी इटलीतली साधी माणसं देवळात मातीचे अवयव वाहायची. पाय दुखला तर मातीचा पाय, कानाला मातीचा कान. अशी ढीगभर माती तिथे उकरून निघाली आहे. नुसते फोटो दाखवून मुली जांभया देतात, म्हणून मला हातात घेता येतील असे नमुने हवे होते. नंदाबाई पोळ्याला मातीचे बैल करत, तेही असे की बैलाची मान बघून तो कुणाच्या गोठ्यातला ते सांगता यावं. मे महिन्यात त्या तांदळासोबत करवंदं घेऊन आल्या तेव्हा मी मोबाइलवर फोटो दाखवून त्यांना विचारलं.

त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, आमच्या वाघजाईला चांदीचे डोळे वाहतात त्यातलंच की हे.  इतकी वर्षं हा धडा शिकवला आणि शेजारचं उदाहरण मला सुचलं नव्हतं.

पाय, हात, कान, डोळा झाला. मग एक फोटो आला, उलट्या धरलेल्या गाडग्यासारखा, अंगावर वळ्या असलेला. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. बाईची पिशवी, गर्भाशय, मी म्हटलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. मग बाहेर रस्त्याकडे बघत विचारलं की तिकडं ज्या बायांचं अंग बाहेर यायचं त्यांना काय करत होते. मी खुशीत येऊन सांगत सुटले. वैद्य लोकर व्हिनेगरमध्ये भिजवून तिचा बोळा आधाराला ठेवत, आणि कुणीकुणी तर अर्धं डाळिंब बसवत. नंदाबाईंना इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. मला वाटलं, काय छान श्रोता मिळालाय. मूर्ख मी.

आठवड्याने त्यांनी अवयव आणून दिले. मळ्यातली चिकणमाती, सावलीत वाळवलेली, शेणींच्या आगीत भाजलेली. रोमन पायाच्या टाचेला भेगा होत्या आणि कानाला कुडीचं भोक. मुलींनी ते अक्षरशः हातोहात फिरवले. व्याख्यान झकास झालं. मला ते नंदाबाईंना सांगायचं होतं, पण त्या आल्याच नाहीत. पंधरा दिवस गेले, तीन आठवडे झाले. शेवटी व्याख्यानाचे फोटो घेऊन मीच टाकव्याहून जीप पकडली.

घरी त्यांची सून होती, कोमल, कडेवर दोन वर्षांची मुलगी घेऊन. आत्या वाघजाईकडं गेल्यात, रोजच जातात हल्ली, म्हणाली. देऊळ गावाबाहेर, चार पायऱ्यांवर. आत कुणी नव्हतं. देवीपुढे चांदीचे डोळे, एक लाकडी पाळणा, आणि त्यांच्या शेजारी मातीची पिशवी. माझ्याकडे दिली होती तशीच, पण जास्त जीव लावून केलेली.

मग मला सगळं एकदम दिसलं. ती चौकट, ती खुर्ची, उभ्याने प्यायलेला चहा, आणि बारा वर्षं माझ्यासाठी डोक्यावरून वाहून आणलेला तांदूळ. मला रडू आलं. आणि रडू आलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड.

नंदाबाई तांब्या घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्यावर अक्षरशः तुटून पडले. डॉक्टरला सांगायचं ते देवीला सांगून बसलात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांकडे दवाखाना नव्हता, तुमच्याकडे आहे, माती वाहून कुणी बरं होत नसतं, असं बरंच काही. त्यांनी मला बोलू दिलं. तांब्यातलं पाणी देवीच्या पायावर घातलं आणि मग म्हणाल्या,

“बाई, नवस आधी बोलायचा आन् गुण आल्यावर फेडायचा, एवढं मला ठावं हाय. मी मुद्दाम उलटं केलंय. आधीच फेडून टाकलाय. देवीनं घेतलाय म्हणल्यावर आता मला दवाखान्यात जावंच लागंल. न्हाईतर मी खोटी पडीन.”

 मी पायरीवर बसले. त्या उभ्याच होत्या.

“मग गेला का नाहीत?” मी विचारलं.

“पाय उचलंना. रोज हितं येऊन तिला सांगते, उद्या जाते म्हणून. संगतीला कुणी नव्हतं.”

रात्री मी तिथेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने आम्ही दोघी गेलो. कौमुदी ही माझी जुनी विद्यार्थिनी, इतिहासात कायम काठावर पास झालेली, आणि आता तळेगावात बायकांची डॉक्टर. तिने नंदाबाईंना तपासलं, घाई न करता सगळं ऐकून घेतलं. आधाराला आतून एक रबरी कडं बसवलं आणि सांगितलं की ऑपरेशन दिवाळीनंतर करू, तोवर डोक्यावर ओझं नाही, यंदा चिखलात उतरायचं नाही, आणि घरी सांगायचं. असल्या दुखण्याच्या बायका आपल्याकडे दर आठवड्याला येतात, लाजायचं काही नाही, असंही म्हणाली. नंदाबाईंनी तिला गंभीरपणे विचारलं की डाळिंब का नाही बसवलं. कौमुदीने माझ्याकडे असं बघितलं की ती शाळेत असताना मी तिच्याकडे कशी बघायचे ते आठवलं.

तिथून आम्ही माझ्या घरी आलो. मी चहा टाकला आणि बाहेर येऊन बघते तर नंदाबाई खुर्चीत बसल्या होत्या. पाठ टेकून. दोन कप चहा प्यायल्या, आणि दुपारची जीप खुशाल जाऊ दिली.

त्या वर्षी आवणीला त्या बांधावर बसल्या. मावळात धडधाकट बाई आवणीच्या वेळी बांधावर बसली तर चार जणी विचारणारच. नंदाबाईंनी सांगून टाकलं, काही न झाकता. समुद्रापल्याडच्या बायांचं सांगितलं, मातीच्या पिशवीचं सांगितलं, कड्याचंही सांगितलं. डाळिंबाचा भाग म्हणे फार रंगला. त्यांच्या वाटणीची रोपं कोमलने लावली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. वाघजाईला नारळ द्यायचा होता. आम्ही देवळात शिरलो आणि थांबलो. नंदाबाईंच्या पिशवीशेजारी आणखी दोन मांडलेल्या होत्या. ओबडधोबड, भाजताना तडकलेल्या.

नंदाबाईंनी एक उचलली, उजेडात धरून फिरवली. मातीत अंगठा उमटला होता आणि अंगठ्यावर आडवी रेघ. ही विठाबाई, त्या म्हणाल्या, बांधावर इचारायला आलेली, आंगठ्याला कोयता लागला व्हता तिच्या. मग दुसरी उचलली. तिची कड चिमटीने बारीक बारीक दुमडलेली होती. ती त्या बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“अशी मुरड आमच्या घरात एकटी कोमल घालती. करंजीला.”

नारळ तसाच राहिला. त्यांनी मला कौमुदीला फोन लावायला सांगितला, उद्या सकाळच्या जीपनं दोघी येत्यात म्हणावं. मी बोलेपर्यंत त्या पायऱ्या उतरून चालू लागल्या होत्या. सव्वीस वर्षांत त्या इतक्या भराभर चालल्या नसतील.

कोमल दारात उभी होती, मुलगी कडेवर, खांदा चौकटीला लावलेला. आमच्याकडे बघून तिने मान खाली घातली. नंदाबाईंनी तिच्या कडेवरची पोर काढून घेतली, ओसरीवरचं पोतं झटकून पसरलं आणि म्हणाल्या, “बस. उद्या मी येते संगतीला.”