दीड मिलिमीटर

सदर इसम वय वर्षे अडुसष्ट, उंची पाच फूट सहा इंच (चपलांशिवाय). सेवानिवृत्त निरीक्षक, वजने व मापे. स्वभाव काटेकोर. ओळखीची खूण: शर्टाच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर. मालमत्ता: राहते घर एक, पत्नी एक (मालमत्तेत धरल्याबद्दल पत्नीची हरकत नोंदवलेली आहे) आणि चारचाकी वाहन एक, वय एक्कावन्न, इंजिन मागे, हवेवर थंड होणारे. वाहनाची वार्षिक तपासणी प्रलंबित.

कचेरीत त्यांना ‘मिलिमीटर’ म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि निवृत्तीच्या दिवशी माइकवरून. चौतीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू, पेट्रोल पंपांची मापं आणि कापडवाल्यांच्या पट्ट्या तपासल्या. ‘चालतंय की’ हे दोन शब्द कानावर पडले की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. “आमच्याकडे भिंतीवर एक चित्र लावायला दोन दिवस लागतात,” बायको आल्या-गेल्याला सांगायची, “आणि तिसऱ्या दिवशी कळतं, भिंतच वाकडी आहे.”

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. रक्त चार तास यंत्रातून फिरून यायचं आणि येताना थंडी घेऊन यायचं. यंत्रावरून उठली की तिचे दात वाजत असायचे. घर तिथून पाऊण तासावर. मुलगी फोनवरून दर आठवड्याला टॅक्सीचा धोशा लावायची. “टॅक्सीवाला बोलत बसतो,” बायको म्हणायची. “हे निदान गप्प असतात.”

खरं कारण वेगळं होतं. या जातीच्या गाडीत ना पाणी, ना रेडिएटर. आतली ऊब येते ती एक्झॉस्टच्या पाइपांकडून. पाइपांभोवती पत्र्याची खोळ असते, खोळीतून इंजिनाचा पंखा हवा ढकलतो, आणि ती तापून पुढे पायाशी येते. बायको बसल्या बसल्या चपला काढायची, दोन्ही पाय त्या झडपेवर ठेवायची, आणि पाचव्या मिनिटाला डोळे मिटून म्हणायची, “आला हो जिवात जीव.” त्या पाच मिनिटांत मिलिमीटर गाडी जरा हळूच चालवत. ऊब निम्म्या वाटेत वाया जाऊ नये म्हणून नाही; त्यांना ते वाक्य नीट ऐकायचं असे.

थंडी महिनाभरावर आली असताना दोघांचं डोकं दुखायला लागलं. एकाच दिवशी, एकाच गाडीत. मिस्त्री गाडीखाली गेला. तीस वर्षं ही गाडी त्याच्याच हातात होती. त्याने पाइपाला पेचकस टेकवला, आणि पेचकस आत गेला.

“साहेब, संपलं हे,” तो खालूनच म्हणाला. “धूर खोळीत, खोळीतून गाडीत. हीटर लावलात तर वहिनींना छान झोप लागेल. मग उठायच्या नाहीत.” त्याने हीटरच्या दोन्ही नळ्या बुचं मारून बंद केल्या आणि हात पुसत पर्याय सांगितले. एक, साधे पाइप: उद्या बसतील, पण त्यांना खोळ नाही, म्हणजे ऊबही नाही, आणि आवाज असा की गल्ली दारात येईल. दोन, खोळीसकट नकली संच: आठवड्यात येईल. तीन, जुन्या साच्यातून काढलेला अस्सल संच: एकच कारखाना, तोही समुद्रापलीकडे, दहा आठवडे.

“नकलीच घ्या,” मिस्त्री म्हणाला. “पत्रा जरा पातळ आहे. पण वहिनींना ऊब हवीय, पत्रा नकोय.”

हे मिलिमीटरना पटलं. आयुष्यात एखाद्या गोष्टीची नक्कल त्यांना पटल्याची ही पहिलीच वेळ असावी. संच सहाव्या दिवशी आला. मिस्त्रीने तो इंजिनाखाली धरला, आणि डावीकडची भोकं बोल्टांवर बसेनात. खिशातून व्हर्नियर निघाला.

“दीड मिलिमीटर,” ते म्हणाले.

“कानस मारतो. दहा मिनिटांचं काम.”

“कानस मारून बसवलेलं माप हे माप नसतं.”

“साहेब, धुराला कुठे कळतंय?”

“दीड इथे चुकलंय, तर आत किती चुकलं असेल? उद्या आतला जोड सुटला तर? धूर तिच्याच पायाशी येणार ना?”

मिस्त्रीने हातातली कानस खाली ठेवली. हीच खरी अडचण होती: मिलिमीटर जे बोलले ते कुठेही छापून यावं इतकं बिनचूक होतं. संच परत खोक्यात गेला. अस्सलची मागणी नोंदवली गेली. घरी हे ऐकून बायको हसली. “दहा आठवडेच ना? मी कुठे पळून चाललेय?”

थंडीने मात्र दहा आठवडे वाट पाहिली नाही. दोन घोंगड्या झाल्या, गरम पाण्याची पिशवी झाली, त्यांचा स्वतःचा कोट झाला. गाडीच्या काचा आतून श्वासाच्या वाफेने धूसर व्हायच्या आणि त्या पुसता पुसता ते तिच्याकडे बघायचं टाळायचे.

“पिशवी गरम आहे ना अजून?”

“आहे हो.”

एकदा घरी पोचल्यावर त्यांनी पिशवी उचलली. ती दगडासारखी गार होती, आणि तरी तिने ती दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती. सवयीने त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला: पाऊण तासातली किमान पस्तीस मिनिटं ती गारच होती. मग त्यांनी टॅक्सी बोलावून पाहिली. टॅक्सीतल्या अत्तराच्या वासाने बायको दोनदा ओकली आणि म्हणाली, “आपलीच बरी. थंड आहे, पण आपली आहे.”

सहाव्या आठवड्यात मिलिमीटर मिस्त्रीच्या दारात उभे राहिले. बराच वेळ त्यांनी भिंतीवरचे पाने आकारमानाप्रमाणे लागलेत का ते पाहिलं. लागले नव्हते. त्यांनी ते तसेच राहू दिले.

“तो नकली संच,” शेवटी ते म्हणाले, “आहे का अजून?”

“गेला, साहेब. त्याच आठवड्यात. पावाच्या भट्टीवाल्याकडे अशीच गाडी आहे ना, तिला बसवला.”

“बसला?”

मिस्त्रीने नजर कामाकडे वळवली. “कानसही लागली नाही. सरळ बसला. दुसरा मागवलाय, पण आता बनवणाऱ्यांकडेच माल नाही.”

आठव्या आठवड्यात, गुरुवारी, यंत्रावर असतानाच बायको गेली. हृदय बंद पडलं. थंडीचा याच्याशी काहीही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मिलिमीटरनी ते दोनदा विचारलं. दुसऱ्यांदाही उत्तर तेच आलं, एका शब्दाचाही फरक नव्हता, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

घरी येताना शेजारच्या सीटवर घोंगड्या होत्या. नर्सने त्यांच्या व्यवस्थित घड्या घालून दिल्या होत्या.

अस्सल संच अकराव्या आठवड्यात आला. मुलगी म्हणाली, “बाबा, परत पाठवून द्या. आता काय करायचंय?” ते म्हणाले, मागवलेला माल कारणाशिवाय परत करता येत नाही. मिस्त्रीने खोकं उघडलं. काम बघण्यासारखं होतं. जाड पत्रा, एकसारखे जोड, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक. त्याने तो इंजिनाखाली धरला, आणि डावीकडची भोकं बोल्टांवर बसेनात.

मिलिमीटर गुडघ्यावर बसले. व्हर्नियर लावला. काढला. पुसून पुन्हा लावला.

“दीड,” ते म्हणाले.

मिस्त्रीने बॅटरीचा उजेड वर इंजिनावर टाकला आणि बोल्ट एकेक करून तपासले. “डावीकडचे बोल्ट कोणीतरी कधीतरी बदललेत, साहेब. तुम्ही गाडी घ्यायच्या आधी. भोक वाकडं पाडून घातलेत. जुना पाइपही तेव्हाच कानस मारून बसवलेला असणार. चूक पाइपात नव्हतीच. गाडीत आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मीही तेव्हा बघायला हवं होतं.”

“मी मोजलं होतं,” मिलिमीटर म्हणाले. “फक्त पाइप मोजला.”

मिस्त्रीने कानस उचलली आणि विचारणाऱ्या नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. कानस सुरू झाली तसं त्यांनी मनगट वर करून घड्याळ धरलं. पत्र्याचा बारीक चुरा जमिनीवर पडत राहिला. भोकं बसली, नट आवळले गेले.

“किती लागली?” मिस्त्रीने उगाच विचारलं.

“साडेनऊ मिनिटं.”

वार्षिक तपासणीची तारीख त्यानंतर चार महिन्यांनी आली. तपासनीस तरुण होता, मनापासून काम करणारा. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, आवाज मोजला, धूर मोजला. मग आत बसून हीटरची दांडी ओढली, झडपेपुढे तळहात धरला, पाच मिनिटं थांबला. “वा, काका,” तो म्हणाला, “एवढ्या जुन्या गाडीत इतका चांगला हीटर मी पाहिला नाही.” घाम पुसत त्याने फॉर्म भरला. एक्झॉस्ट: निर्दोष. हीटर: कार्यरत, समाधानकारक. आसनक्षमता: चालक धरून चार. शेरा: वाहन मालकाने उत्तम निगा राखली आहे.

त्या दिवशी सावलीत अडतीस अंश तापमान होतं.